३,२०० वस्तीचं गाव, स्वच्छ भारत मिशनचा घनकचरा निधी आणि पुरवठादाराची यादी

पारावरची · ११ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. ग्रामपंचायत पातळीवर घनकचऱ्याचं काम जवळून माहीत असलेल्यांकडून नेमकी उत्तरं हवी आहेत.

गाव कोरडवाहू पट्ट्यातलं. लोकसंख्या ३,२००, नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) ६४० घरं. साधारण निम्म्या घरी जनावरं. गुरुवारी आठवडी बाजार, दोन मंगल कार्यालयं. सध्या शेण-काडीकचरा उकिरड्यात जातो आणि बाकी सगळं ओढ्याच्या काठी. तिथे तो दर चार दिवसांनी पेटवला जातो.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मधून काम घ्यायचं ठरतंय. एका पुरवठादाराने तयार यादी दिली आहे: ई-रिक्षा घंटागाडी १, नाडेप टाक्या (खतासाठी विटांच्या, भिंतीत भोकं असलेल्या) ४, रस्त्यावर ठेवायच्या कचराकुंड्या ४० आणि "धूरविरहित प्लास्टिक भट्टी" १. तो म्हणतो, शंभर टक्के अनुदानात बसतं.

माझे प्रश्न: निधी नेमका किती आणि कोणाकडून? ही यादी बरोबर आहे का? ओल्या कचऱ्याला नाडेप चालेल का? वेफर्सची पाकिटं आणि डायपर यांचं काय करायचं? आणि गाडी आली तरी चालकाला पैसे कशातून द्यायचे?

---

ताळेबंद · ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

ताई, पैशांपासून सुरू करतो, कारण यादी तिथेच कोसळते.

टप्पा २ मध्ये ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी जास्तीत जास्त ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी जास्तीत जास्त २८० रुपये मिळतात. ५,००० च्या वर लोकसंख्या गेली की तेच आकडे ४५ आणि ६६० होतात. म्हणजे तुमची घनकचऱ्याची कमाल मर्यादा ३,२०० गुणिले ६०, एक लाख ब्याण्णव हजार रुपये. यातले ७० टक्के, १,३४,४०० रुपये, मिशनमधून येतात (केंद्र आणि राज्य ६०:४०) आणि ३० टक्के, ५७,६०० रुपये, ग्रामपंचायतीने स्वतःच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतून घालायचे असतात. "शंभर टक्के अनुदान" म्हणणाऱ्या माणसाने हा ३० टक्क्यांचा हिस्सा तुमच्याच खिशातून धरलेला असतो, फक्त बोललेला नसतो.

गाडी, चार पक्क्या टाक्या, चाळीस कुंड्या आणि भट्टी हे १.९२ लाखात बसत नाही. उरलेलं बहुधा वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायच्या) निधीवर टाकायचा बेत असणार. नियम असा की वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित, त्यातले निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. स्वच्छतेच्या बंधित हिश्शातून गाडी किंवा शेड घेता येतं. मात्र तोच हिस्सा शौचालय दुरुस्तीला आणि सांडपाण्याच्या ३० टक्क्यांनाही पुरवायचा आहे, हे विसरू नका. सांडपाण्याची तुमची मर्यादा ८,९६,००० आहे, त्याचे ३० टक्केच २,६८,८०० होतात.

प्लास्टिकसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती गावाला नाही. तालुक्याला एक प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र, १६ लाखांपर्यंत. शेणापासून गॅसच्या गोबरधन प्रकल्पाला जिल्ह्यामागे ५० लाखांपर्यंत. तुमच्या तालुक्याचं प्लास्टिक केंद्र उभं आहे का, ते पंचायत समितीतल्या गट संसाधन केंद्राला आधी विचारा. त्या उत्तरावर तुमच्या गावात किती मोठी शेड लागेल ते ठरतं.

कागदांचा क्रम: ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामाची नोंद, ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तेच काम, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडून मंजुरी. प्रस्ताव परत येण्याची कारणं दर वेळी तीच. आराखड्यात "कचरा शेड" आणि अंदाजपत्रकात "कचरा विलगीकरण व खत प्रकल्प" असं नाव बदललेलं. माणशी मर्यादेपेक्षा रक्कम जास्त आणि वरच्या रकमेचा स्रोत लिहिलेलाच नाही. आणि जागा. गायरानावर शेड दाखवली असेल तर ताबा ग्रामपंचायतीकडे असला तरी मालकी शासनाची असते, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती फाईल हलत नाही. शक्य असेल तर गावठाणातली किंवा ग्रामपंचायतीच्या नावाची जागाच दाखवा, चार गुंठे पुरेत.

पुरवठादाराचं कोटेशन म्हणजे अंदाजपत्रक नव्हे. ते पंचायत समितीच्या अभियंत्यानेच करायचं.

आणि घाई आहे. २०२५-२६ हे टप्पा २ चंही शेवटचं वर्ष आणि १५व्या वित्त आयोगाचंही.

---

ओलासुका · १२ ऑगस्ट, सकाळी ७:२०

यादीत एक गोष्ट नाहीच: वजनकाटा. आधी सात दिवस कचरा मोजा, मग खरेदीचं बोला. पुस्तकातला माणशी आकडा धरून आराखडा केला की हमखास दुप्पट निघतो, कारण जनावरं असलेल्या घरातून भाकरीचे तुकडे, साली, देठ घंटागाडीत येतच नाहीत.

मोजायची रीत सोपी आहे. तीन आळ्या निवडा: एक जनावरं असलेल्यांची, एक बाजारपेठेची, एक नव्या प्लॉटिंगची. प्रत्येकी पंधरा घरं. घरटी दोन पिशव्या, ५० किलोचा हुकाचा काटा, वही. पहिल्या दिवसाचा आकडा फेकून द्या, त्यात साठवलेला जुना कचरा असतो. गुरुवार आठवड्यात आलाच पाहिजे. मग प्रत्येक आळीच्या घरटी वजनाला त्या प्रकारच्या एकूण घरांनी गुणा.

समजा उत्तर रोज ६० किलो ओला आलं. ओल्या कचऱ्याचं वजन लिटरला साधारण ३५० ग्रॅम धरा. आठवड्यात सहा फेऱ्या म्हणजे ३६० किलो, सुमारे १,०३० लिटर. त्यात तितकाच आकारमानाने पालापाचोळा घातला तरी खचून दीड हजार लिटरच्या आसपास राहतं. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच टाकीत सुमारे २,००० लिटर मावतं. म्हणजे एका आठवड्याला एक टाकी. भरल्यापासून ५० ते ६० दिवस ती हलवायची नाही, म्हणून आठ टाक्या, आणि दोन रिकाम्या करण्यासाठी व लग्नसराईसाठी. एकूण दहा. पाठीला पाठ लावून पाच-पाचच्या दोन ओळी केल्या तर मधल्या भिंती सामाईक होतात. भिंत विटांचीच हवी असं काही नाही. लोखंडी जाळी आणि बांबूच्या टाक्यांत हवा जास्त खेळते आणि खर्च बराच कमी येतो. रुंदी ४ फुटांच्या वर नेऊ नका, मधला ढीग पंजाने हलवता येत नाही.

तळाला ४ इंच कोबा, त्याला शंभराला एक असा उतार आणि शेवटी पन्हळ. पन्हळीचा काळा रस पिंपात धरून ताज्या ढिगावर परत शिंपडा. टाकीत तळाशी ६ इंच जाड काड्यांचा थर, त्यावर रोज एक थर कचरा, एक थर सुका पाला, आणि आठवड्यातून एकदा शेणकाला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश तापमान यायला हवं. लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा आणि बाहेर काढून हात लावा, धरवली नाही तर काम बरोबर चाललंय.

बिघाडही दोन-तीनच असतात. सडका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी: पंजाने उकरा, सुका पाला वाढवा. तापतच नाही आणि मुंग्या लागल्या म्हणजे ढीग कोरडा. तुमच्या भागात मार्च ते मेमध्ये हेच होणार. मूठभर घेऊन घट्ट दाबा, बोटांच्या फटीत ओल दिसावी पण थेंब गळू नये. माश्या झाल्या म्हणजे वरचा थर उघडा राहतोय, शेवटचा थर नेहमी पाल्याचाच हवा.

सगळ्यात जास्त प्रकल्प पाल्यावाचून बंद पडतात, ही गोष्ट कोणी अंदाजपत्रकात लिहीत नाही. आठवड्याला हजार लिटर म्हणजे ५०-६० किलो पाला, वर्षाला तीन टन. पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल. त्या तीन महिन्यांत शेडच्या बाजूला जाळीचा आडोसा करून साठवला नाही तर पावसाळ्यात हात चोळत बसावं लागतं. सोयाबीनचं भुसकट उत्तम. तुरीच्या काड्या मात्र तशाच टाकू नका, वर्षभर तशाच निघतात.

आता नाडेप. रोजच्या घरगुती ओल्या कचऱ्याला नाडेप नको. ती टाकी एका दमात, ४८ तासांच्या आत भरून लिंपून टाकायची असते. रोज दोन घमेली टाकत दोन महिने भरत राहिलात तर उष्णता साठतच नाही, वास सुटतो आणि कुत्री उकरतात. गावोगावी ज्या नाडेप टाक्यांत आज झुडपं उगवलेली दिसतात त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच आहे.

---

काळीमाती · १२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

@ओलासुका, घरगुती कचऱ्यापुरतं पटलं. पण नाडेप सरसकट बाद करू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी ती पद्धत मुळात शेतातल्या काडीकचऱ्यासाठी बसवली. कमी शेणात जास्त खत हा तिचा हेतू. दोष टाकीचा नाही, तिच्यात भलतंच भरणाऱ्याचा आहे.

तुमच्या गावात तिला नेमका लागणारा माल एका ठिकाणी मिळतो: गुरुवारच्या बाजाराचा पालेभाजीचा ढीग, मंडपाची फुलं-पानं, रस्त्याकडेचा पाला आणि शेतातला धसकटांचा भुगा. गुरुवारी रात्री बाजार झाडला की शुक्रवार-शनिवार टाकी भरायची. एकच आठवडा पुरत नाही, म्हणून सुका माल आधीच जमवून ठेवायचा.

माप: आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, ९ इंची भिंत, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या थरात भोकं. साहित्य: काडीकचरा १,४०० ते १,५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, चाळलेली कोरडी माती १,७५० किलो, पाणी १,५०० ते २,००० लिटर. आधी भिंती आणि तळ शेणपाण्याने ओले करा. मग ६ इंच काडीकचरा (साधारण १०० किलो), त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५०-६० किलो माती. हाच क्रम टाकीच्या काठाच्या वर दीड फूट जाईपर्यंत, झोपडीच्या छपरासारखा उतार देत. वरून ३ इंच शेणमातीचा लेप. १५-२० दिवसांनी ढीग ८-९ इंच खचतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचा. पहिल्या ९० ते १२० दिवसांत ओल टिकवायची, लेपाला भेग पडली की लगेच बुजवायची. साधारण तीन टन खत निघतं.

मातीचं वजन ऐकून लोक ती अर्धी करतात. मग ओल टिकत नाही आणि आतलं पान चार महिन्यांनीही पानच राहतं.

तुमच्या गावाला चार नाहीत, दोन नाडेप पुरेत. आणि त्या मिशनच्या पैशातून करू नका. नाडेप आणि गांडूळखताचे खड्डे रोजगार हमीतून घेता येतात. ज्यांच्याकडे जॉबकार्ड आहे अशा घरांना परसात वैयक्तिक टाकीही मिळते. ग्रामरोजगार सेवकाकडे मागणी द्या. फक्त मजुरी आणि साहित्य ६०:४० चं प्रमाण पाळायचं असतं आणि विटा-सिमेंटच्या कामात साहित्य वर जातं. म्हणून शोषखड्डे, वृक्षलागवड अशी मजुरीची कामं त्याच आराखड्यात जोडा, म्हणजे हिशेब बसतो. कामाआधी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर असे तीन जिओटॅग (जागेची नोंद असलेले) फोटो लागतात. मधला फोटो चुकला की बिल अडकतं.

गांडूळांविषयी एक ओळ. ताज्या कचऱ्यात गांडुळं सोडायची नाहीत, ढिगाच्या उष्णतेने मरतात. १५-२० दिवस कुजलेला, थंड झालेला माल द्या. लोणचं, मीठ, लिंबाच्या साली, तेलकट उष्टं टाळा.

---

मोडभंगार · १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

सुक्या कचऱ्याबद्दल.

प्रथम कायदा, कारण पुरवठादार मंडळी इथेच गोंधळ घालतात. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मुख्यतः शहरं, त्यांची वाढीव वस्ती आणि जनगणना नगरं (जनगणनेत शहर धरलेली मोठी गावं) यांच्यासाठी होते, साध्या गावाला थेट नव्हते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मात्र ग्रामपंचायतीला लागू आहेत. प्लास्टिक वेगळं करणं, गोळा करणं, पुनर्वापराच्या मालाला वाट देणं आणि उघड्यावर जळू न देणं ही त्यांत ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ओढ्याकाठची आग हा केवळ धुराचा त्रास नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे.

"धूरविरहित प्लास्टिक भट्टी" यादीतून काढा. प्लास्टिक नीट जळायला ८५० अंशांच्या वर सतत तापमान आणि धुराची प्रक्रिया लागते, पत्र्याच्या पिंपाला चिमणी लावून ते होत नाही. मालात पीव्हीसीचा तुकडा असला तर डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. डोळ्यांना धूर दिसला नाही म्हणजे वायू नाहीत असं नाही.

शेडमध्ये माल असा पडतो. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, तुटक्या बादल्या, लोखंड, ॲल्युमिनियम, दुधाच्या पिशव्या: हे भंगारवाला घेतो. दुधाची पिशवी फक्त धुऊन वाळवलेली हवी, आंबट वासाचा गठ्ठा तो उचलत नाही. दारूच्या अख्ख्या बाटल्यांना भाव, फुटलेल्या काचेला जवळजवळ नाही. वेफर्स, बिस्किटं, शाम्पू, गुटखा यांची चकचकीत पाकिटं बहुथरी असतात, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेलं. त्यांना गावपातळीवर गिऱ्हाईक नाही. ती तालुक्याच्या केंद्रात जायला हवीत. तिथून गठ्ठे करून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, तिथलं तापमान पुरेसं असतं. चपला, फाटक्या सतरंज्या, रेक्झीन हेही त्याच वाटेने.

शेड किती मोठी? घरटी रोज ८० ग्रॅम सुका धरला (हाही मोजूनच ठरवा) तर ६४० घरांचा ५१ किलो. सुटा सुका कचरा घनमीटरला ४५ किलोच्या आसपास, म्हणजे रोज सव्वा घनमीटरला जरा कमी. महिन्यातून एकदा गाडी नेणार असाल तर ३४ घनमीटर. दीड मीटर उंच रचला तर २३ चौरस मीटर जागा आणि निवडायच्या टेबलाला १५. ४०० चौरस फुटांची शेड झाली. तिला तीन बाजूंनी जाळी आणि वर पत्रा पुरतो, चारही बाजूंनी भिंती बांधायची गरज नाही. तालुक्याचं केंद्र पंधरा दिवसांनी उचलत असेल तर साठ्याची जागा निम्मी.

वाहतूक हा खरा खर्च. सुटं प्लास्टिक टेंपोत भरलं की टेंपो हवेनेच भरतो. साधा हाताने दाबायचा गठ्ठा प्रेस घेता आला तर एका फेरीत कितीतरी जास्त माल जातो. तुमच्या ४० कुंड्यांच्या पैशात तो बसतो का ते अभियंत्याला विचारा.

आणि कुंड्या नकोतच. रस्त्यावर कुंडी आली की घरातलं विलगीकरण संपलं. सगळं एकत्र येतं, ती उलटवणारं कोणी नसतं, कोणीतरी काडी ओढतं. बाजारतळावर झाकणाच्या दोन-तीन ठेवा, बस्स.

डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल टिंब काढून तिसऱ्या पिशवीत. मटक्याच्या भट्टीत किंवा लहान विजेच्या यंत्रात कापडी-कागदी पॅड कसाबसा जळतो, डायपर जळत नाही, कारण त्यातला जेल पाणी धरून असतो. कंपोस्टमध्येही नाही. शाळा आणि आरोग्य उपकेंद्राच्या इंजेक्शनच्या सुया घंटागाडीत घेऊ नका, उपकेंद्राची जैववैद्यकीय कचऱ्याची वेगळी वाट असते.

---

पारावरची · १२ ऑगस्ट, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. दोन शंका. गाडी ई-रिक्षाच घ्यावी की ट्रॅक्टर? गावाची एक बाजू चढावर आहे. आणि पगाराचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

---

रोजखर्डा · १२ ऑगस्ट, रात्री १०:१०

पगाराचं उत्तर कोणी पटकन देत नाही, कारण ते गैरसोयीचं आहे. बांधकामाला मिशन आहे, रोजच्या फेरीला ग्रामनिधीच.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नुसार कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट यासाठी सामान्य स्वच्छता कर लावता येतो. घरटी महिना ३० रुपये धरले तर ६४० घरांचे १९,२००. वसुली ६० टक्के धरा, हातात ११,५२०. दोन पूर्णवेळ माणसांचं किमान वेतन त्यात बसत नाही. म्हणून दोनच मार्ग: काम अर्ध्या दिवसाचं बांधायचं, किंवा उत्पन्न वाढवायचं. मंगल कार्यालयाकडून प्रत्येक कार्याला ठरावीक रक्कम घ्या. एका लग्नाचं उष्टं, पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या पाहता ते वाजवीच आहे. आठवडी बाजाराच्या शुल्कात झाडलोटीचा भाग धरा. भंगाराच्या विक्रीतून पगार निघेल असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. ती रक्कम निवडणाऱ्या बायकांना वरकमाई म्हणून द्या. मग पाकिटं आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या करायला कोणाला सांगावं लागत नाही. तालुक्यात महिला बचत गट किंवा प्रभाग संघ (बचत गटांचा संघ) काम घ्यायला तयार असेल तर करार लेखी करा. हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन कोणी द्यायचं ते त्यात लिहा.

आता गाडी. प्रत्येक दाराशी ४५ सेकंद धरले तर तासाला ८० घरं. ६४० घरांना आठ तास. अर्ध्या दिवसाच्या माणसाला हे जमणार नाही. म्हणून गावाचे दोन भाग करा, एक दिवसाआड ३२० घरं, चार तास. जनावरवाल्या आळीला आठवड्यातून दोनदाच गेलात तरी चालतं, तिथला कचरा सुकाच असतो. बाजारपेठेला मात्र रोज.

ई-रिक्षाच्या लेड ॲसिड बॅटऱ्या चार, १२ व्होल्टच्या. भार घेऊन चढावर रोज पूर्ण उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात बसतात. त्यांच्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम कोणाच्याही नावावर नसतं, म्हणून त्या त्याआधीच बसतात. चार्जिंगला सात-आठ तास. भारनियमनाच्या वेळा पाहून मगच ठरवा. बॅटऱ्यांच्या संचाच्या किमतीला १८ ने भागून तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला काढता येत असतील तरच ई-रिक्षा घ्या. नाही तर सपाट भागाला पायडलची तीनचाकी आणि चढावरच्या आळीला व गुरुवारला भाड्याचा ट्रॅक्टर.

कोणतीही गाडी घ्या, आत पक्का पडदा हवा: ओल्याला एक भाग, सुक्याला एक, बाजूला तिसऱ्या पिशव्यांचा डबा. लोकांनी घरी वेगळं केलेलं गाडीत एकत्र होताना दिसलं की दुसऱ्या आठवड्यापासून ते वेगळं करणं सोडतात, आणि पुन्हा बसवायला वर्ष जातं. शेडवर उतरवतानाही मागचं दार एकच असेल तर पडदा असून उपयोग नाही. दोन दारं मागा.

---

ताळेबंद · १३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

रोजखर्डा यांच्या मुद्द्याला पुरवणी. करवाढीचा ठराव आणि कामाचा ठराव एकाच ग्रामसभेत ठेवू नका. कराच्या विषयावर आवाज चढला की शेडचा विषयही तहकूब होतो. आधी काम मंजूर करून घ्या. सात दिवसांचे वजनाचे आकडे फळ्यावर लावा, मग कर.

गाव "हागणदारीमुक्त अधिक" (ओडीएफ प्लस) मध्ये सर्वांत वरच्या, उत्कृष्ट गटात दाखवायचं असेल तर घनकचरा एकटा पुरत नाही. सांडपाणी आणि दृश्य स्वच्छताही पाहतात. तुमच्या भागात सांडपाण्याला नांदेडकडच्या "मॅजिक पिट" धर्तीचे शोषखड्डे रोजगार हमीत सहज बसतील. काळीमाती यांनी मजुरीचं प्रमाण सांगितलंय, ते तिथेच जुळतं.

---

पारावरची · १३ ऑगस्ट, दुपारी ३:००

नवी यादी अशी केली आहे: जाळी-बांबूच्या टाक्या १०, सुक्याची शेड ४०० चौ. फूट, दोन दारांची तीनचाकी २, हुकाचा काटा, गठ्ठा प्रेस (पैसे उरले तर). रोजगार हमीतून नाडेप २, शोषखड्डे. भट्टी आणि कुंड्या रद्द. वजन सोमवारपासून सुरू. खत तयार झाल्यावर पोत्यात भरून विकता येईल का?

---

ओलासुका · १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

ग्रामपंचायतीच्या झाडांना, शाळेच्या परसबागेत आणि गावातल्या शेतकऱ्यांना सुटं द्यायला हरकत नाही. पोत्यावर खताचं नाव छापून बाजारात विकायचं म्हटलं की खत नियंत्रण आदेश १९८५ लागतो. त्यात शहरी कंपोस्टसाठी ओल १५ ते २५ टक्के, सामू ६.५ ते ७.५, कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत आणि जड धातूंच्या मर्यादा आहेत. पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका. पण पहिल्या तीन टाक्यांचा नमुना मृदा चाचणी प्रयोगशाळेत जरूर द्या. तोवर ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. वर उरलेला भरडा पुढच्या टाकीत विरजण म्हणून टाका, आणि त्या भरड्यात पाकिटांचे तुकडे किती निघतात ते मोजा. कोणत्या आळीत विलगीकरण नीट होत नाहीये ते त्यावरून कळतं, फक्त त्यासाठी प्रत्येक टाकीवर भरल्याची तारीख आणि त्या आठवड्यातल्या फेऱ्यांची नावं खडूने लिहून ठेवावी लागतील.

सोमवारच्या वजनाआधी रविवारी काटा एक लिटर पाण्याची बाटली टांगून तपासा. स्वस्तातले हुकाचे काटे दोन किलोच्या खाली बऱ्याचदा काहीही दाखवतात. तसं असेल तर घरटी न मोजता पाच-पाच घरांच्या पिशव्या एकत्र टांगा.